गोमुख आणि बोका द वाका

आमच्या नेसरीचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एका खिंडीमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण कामी आले. शाळेच्या सहली त्या स्मारकापाशी येतात, मुलं घोषणा देतात, डबे खातात आणि परत जातात. गाव मात्र खिंडीच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही. त्या गावात आमची एक विहीर आहे. हा लेख त्या विहिरीमुळे लिहिला गेला, जरी त्यातला बराचसा मजकूर पणजीचा असला तरी.

विहीर पणजोबांच्या वेळची. चिऱ्यांनी बांधलेली, एका अंगाला उतरायला पायऱ्या, वर मोटेचं थारोळं आणि बैलांची धाव. धावेवर आता घाणेरीची झुडपं माजली आहेत. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी प्यायला नेत नाही. गेल्या दिवाळीत भाऊबंद एकत्र बसले तेव्हा थोरल्या पुतण्याने विषय काढला. त्याला तिथं घर बांधायचं होतं. "आण्णा, हीर आता कुनाच्या कामाची हाय? बुजवून टाकू. तुमची तेवढी सही पायजे." मी घरातला वयाने मोठा, म्हणून माझी सही शेवटची राहिली होती. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण त्या विहिरीबद्दल मला एक ओळ सांगता आली नाही. "महाशिवरात्रीपर्यंत थांब," एवढंच म्हणालो.

त्याच थंडीत पणजीला जायचा योग आला. मराठीत रुळलेल्या पोर्तुगीज शब्दांची टिपणं मी बरीच वर्षं जमवतो आहे. नेसरीहून अडकूर, चंदगड, मग तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग असा रस्ता. वाटेत चंदगड भागात काजूच्या बागा लागतात आणि काजू फोडणारे कारखाने दिसतात. हा काजू ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो आणला, आणि त्याचं नावही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीज 'काजू'मार्गे आपल्याकडे आलं. बटाटा, कोबी, पाव, पगार, चावी हे शब्द सगळ्यांना माहीत असतात. माझं लक्ष त्या प्रवासात वेगळ्याच तीन शब्दांवर होतं : पिंप, बालदी आणि घमेलं. 'पीपा', 'बाल्दे' आणि 'गामेला' ही त्यांची पोर्तुगीज रूपं. पाणी साठवायचं, वाहायचं किंवा ज्यात कालवायचं ती ही भांडी. पाण्याची भांडी ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्या पाण्याच्या जागा कशा होत्या, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

झऱ्यांच्या नावाची वस्ती

पणजीत आल्तिनोच्या टेकडीचा पूर्वेकडचा पायथा आणि ओरेंची खाडी यांच्यामध्ये एक चिंचोळी वस्ती आहे. तिला फोंतेन्हास म्हणतात. पोर्तुगीज भाषेत 'फोंत' म्हणजे झरा किंवा कारंजं. त्याचं लाडिक, धाकटं रूप म्हणजे 'फोंताइन्या'. म्हणजे आपल्या भाषेत या वस्तीचं नाव 'झरुले' किंवा 'झरेवाडी' असं काहीतरी झालं असतं. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लोखंडी कठड्यांचे सज्जे, शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या जुन्या खिडक्या, वर मंगळुरी कौलं. हे सगळं पाहायला पर्यटक गर्दी करतात. पण नाव घरांचं नाही, पाण्याचं आहे.

ज्या झऱ्यावरून ते पडलं तो 'फोंत फेनिक्स' वस्तीच्या दक्षिण टोकाला, मळा नावाच्या भागात आहे. वर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ, खाली झरा. 'मळा' हा शब्द आमच्या नेसरीला नवा नाही. झऱ्याच्या ओलीवर पिकणारी जमीन म्हणजे मळा, मग वर राज्य आदिलशहाचं असो की पोर्तुगालच्या राजाचं. एका मोहल्ल्याची दोन नावं, एक मराठी-कोंकणी, दुसरं पोर्तुगीज, आणि दोन्ही एकाच ओलीतून आलेली. संशोधकाला असा पुरावा मिळाला की त्याने शिलालेख मिळाल्याइतकाच आनंद मानावा.

वस्ती फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतोनियु जुआंव द सिकैरा नावाच्या गोवेकराने इथे माडांची बागायत उभी केली. त्याने मोझांबिकमध्ये पैसा मिळवला होता, म्हणून लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत. पुढे ही जमीन कार्मेलाइट पंथाकडे आणि नंतर सरकारकडे गेली. मग बागायतीचं गावठाण झालं, आणि गावठाणाचं शहर. म्हणजे आधी पाणी, मग माड, मग माणसं, आणि शेवटी आज ज्यांचे फोटो काढतात ती घरं. आमच्याकडच्या कुठल्याही मळ्याचा इतिहास याच क्रमाने लिहिता येईल.

मोडशीने मेलेलं शहर

फोंतेन्हासचं महत्त्व कळायचं तर पणजीहून नदीच्या काठाकाठाने रायबंदरवरून जुन्या गोव्याला जावं लागतं. रस्त्याचा पहिला टप्पा म्हणजे लिन्हारिशचा पूल, व्हाइसरॉय कोंद द लिन्हारिशने १६३०च्या दशकात बांधवलेला दगडी बांध. तो ओलांडून गेलं की ज्याला एके काळी पूर्वेचं रोम म्हणत ते शहर येतं. १५१०मध्ये आफोन्सु द आल्बुकर्कने ते आदिलशाहीकडून घेतलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते आशियातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक होतं. आज तिथे उरल्या आहेत मोजक्या भव्य वास्तू, आणि त्यांच्यामध्ये हिरवळ. घरं नाहीत, गल्ल्या नाहीत.

शहर का मेलं? डचांनी व्यापार मोडला, हे खरं. पण लोक घरं सोडून गेले ते रोगराईने. १५४३मध्ये तिथे पटकीची मोठी साथ आली. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं आहे आणि त्याचं इथलं नाव दिलं आहे ते 'मोर्शी', म्हणजे आपली मोडशी. हा शब्द पुढे पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोर्देशी' झाला, आणि फ्रेंचांनी त्याचा कानाला लागला तसा अर्थ लावून 'मॉर द शिअँ', म्हणजे कुत्र्याचं मरण, असं केलं. पाण्याच्या भांड्यांचे शब्द आपण त्यांच्याकडून घेतले आणि वाईट पाण्याच्या रोगाचा शब्द त्यांनी आपल्याकडून घेतला. देवघेव अशीही असते.

जुन्या गोव्याची जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे सच्छिद्र दगड. पाऊस पडला की तो चाळणीसारखं पाणी खाली सोडतो. दाट वस्ती झाली, मैल्याची वाट लावायची सोय नव्हती, तेव्हा घराघरांतली घाण त्याच चाळणीतून शेजारच्या विहिरींत उतरत राहिली. ज्यांना परवडे ते विहिरीचं पाणी पीत नसत. १६०८ ते १६१०च्या दरम्यान गोव्यात राहिलेल्या फ्रांस्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की पिण्याचं चांगलं पाणी बायंगिणीच्या झऱ्यावरून येई. गुलाम ते घड्यांतून आणून शहरात विकत. एवढ्या श्रीमंत शहराला पाणी जवळच्या खेड्यातून विकत घ्यावं लागत होतं. सोन्याने मढवलेले वेदिकापीठ असलेल्या शहराच्या मरणाची सुरुवात या एका वाक्यात दिसते.

१६९५मध्ये व्हाइसरॉयचं राहणं जवळच्या पणेलीला हललं, १७५९मध्ये पणजीला. लिस्बनमध्ये मार्केस द पोंबाल सत्तेवर होता तेव्हा, १७७०च्या दशकात, त्याने जुनं शहर पुन्हा उभारायचा हुकूम दिला. १७५५च्या भूकंपानंतर लिस्बन त्यानेच उभं केलं होतं. त्याला वाटलं असावं, एक जमलं तर दुसरंही जमेल. पण लिस्बनकडे १७४८पासून पाणी आणणारा आग्वाश लिव्रिशचा जलसेतू होता, आणि तो त्या भूकंपातूनही वाचला होता. जुन्या गोव्यात असं काही नव्हतं. काम सुरू झालं, मजूर तापाने मरू लागले, आणि बेत सोडावा लागला. १८४३मध्ये पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली.

जे हलवता आलं आणि जे नाही

नव्या राजधानीने जुनीचा संसार अक्षरशः उचलून आणला. फोंतेन्हासच्या दक्षिणेला सेंट सेबॅस्टियनचं छोटं पांढरं चॅपेल आहे. आत एक मोठा क्रूस आहे, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे, मान ताठ. हा क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२मध्ये ते न्यायालय कायमचं बंद झालं तेव्हा तो पणजीच्या आदिलशाही वाड्यातल्या चॅपेलमध्ये आणला, आणि १९१८मध्ये इथे. पणजीच्या मुख्य चर्चवरची प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. ती १८७१मध्ये इथे टांगली गेली. आझाद मैदानावरच्या मंडपाचे खांबही जुन्या गोव्यातल्या पडक्या चर्चचे. १८४७मध्ये तो मंडप आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी उभारला होता.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही घडली आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी-सासष्टीतली देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी देव उचलले आणि खाडीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मूर्ती हलल्या, पालख्या हलल्या, मानकरी हलले. नव्या जागी देवळासमोर तळी आली, ती त्या जागेच्या पाण्याची.

घंटा हलवता येते, क्रूस हलतो, खांब हलतात, देवही डोक्यावर घेऊन जाता येतात. झरा तेवढा हलवता येत नाही. तो जिथे आहे तिथेच जावं लागतं. पणजी राजधानी झाली ती बंदर आणि हवा यांमुळे, हे कुठल्याही इतिहासात सापडतं. जुझे निकोलाव द फोन्सेका याने १८७८मध्ये मुंबईत छापलेला गोवा शहराचा इतिहास त्यासाठी आजही वाचावा असा आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या यादीत टेकडीच्या पायथ्याचे झरेही घालावेत. ते नसते तर नोव्हा गोव्यालाही पाणी विकत घ्यावं लागलं असतं.

गाईचं तोंड

आल्तिनोच्या दुसऱ्या अंगाला, शहराच्या बाजूला, आणखी एक झरा आहे : 'बोका द वाका'. शब्दशः, गाईचं तोंड. नाव ऐकलं आणि मी थबकलो. आंबोलीला हिरण्यकेशी जिथे गुहेतून बाहेर येते तिथलं देऊळ आमच्या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत जाते. झऱ्याला गोमुख करायचं, ही कल्पना आपल्याकडे घाटमाथ्यापासून बद्रीकेदारापर्यंत पसरलेली. ते गोमुख पोर्तुगीज नावाने पणजीच्या भर वस्तीत उभं आहे.

पोर्तुगालमधली खेडी पाहिली तर तिथेही झऱ्याभोवतीच चौक असतो. साधा झरा तो 'फोंत', आणि तोट्या बसवलेलं, नक्षीदार दगडी भिंतीचं सार्वजनिक पाणवठ्याचं बांधकाम ते 'शाफारीश'. हा शब्द अरबी 'सिह्रीज' म्हणजे हौद यावरून आला. त्यांचा रहाट म्हणजे 'नोरा', तो अरबी 'नाऊरा'. भिंतीवरच्या निळ्या फरशा म्हणजे 'अझुलेजु', त्यातही अरबी 'झुलैज'. पाणी अडवायचं, चढवायचं, सजवायचं शास्त्र पोर्तुगिजांनी स्वतःच्या जेत्यांकडून शिकलं, आणि नंतर जेते होऊन इथे आले तेव्हा त्यांना आपले रहाट आणि टाकी नवलाची वाटायचं कारण नव्हतं.

बोका द वाकापाशी शेजारची एक वयस्क बाई भेटली. मी वही काढून उभा होतो, म्हणून तिनेच विचारलं, काय मोजताय. सांगितल्यावर म्हणाली, "आमी भुरगीं आसतना हांगाच उदक भरतालीं." मग तिने बोट वर केलं, आल्तिनोकडे. "उदक थंय थावन येता. वयर कितें करतात, तें सकयल येता." वर जे करतील ते खाली येतं. मी इतके दिवस पुस्तकांतून शोधत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं.

जांभा दगड पाणी खाली सोडतो, हे वर आलंच आहे. त्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, तो पाणी अडवतो. अडलेलं पाणी आडवं सरकतं आणि टेकडीच्या पायथ्याशी, जिथे तो थर उघडा पडतो तिथे, बाहेर येतं. आल्तिनोचे झरे असे जन्मले. ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७मध्ये या दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिलं, पण गुण कोंकणातल्या पाथरवटाला आधीपासून ठाऊक होता. जुनं गोवं आणि फोंतेन्हास, दोन्हीकडे दगड एकच. फरक इतका, की जुन्या गोव्यात माणसं त्या चाळणीवरच दाटीने राहिली, आणि पणजीत ती दीर्घ काळ चाळणीच्या खाली, पायथ्याशी राहिली; वरची टेकडी बरीच वर्षं झाडीची होती. एकाच दगडाने एक शहर मारलं आणि दुसरं जगवलं. आता आल्तिनोवर बंगले आहेत, कचेऱ्या आहेत. झरा अजून वाहतो, पण त्या बाईने बोट दाखवलं ते उगीच नव्हे.

परत नेसरीला

चॅपेलच्या समोर, वस्तीच्या मोकळ्या जागेत, एक विहीर आहे. तिला रंग दिलेला आहे, लोक तिच्या कट्ट्यावर बसून फोटो काढतात. तिच्याकडे पाहताना मला आमची विहीर आठवली आणि थोडी लाजही वाटली. परक्याच्या विहिरीसाठी मी तीन दिवस वही घेऊन फिरलो होतो. घरच्या विहिरीत गेली वीस वर्षं वाकूनही पाहिलं नव्हतं.

इतिहासाच्या बाबतीतही आमचं असंच झालं आहे. नेसरीच्या खिंडीत १६७४ला काय घडलं ते आम्ही तारखेसह सांगतो. पुढच्याच वर्षी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, आणि आमच्या घाटमाथ्यापासून अंत्रुजपर्यंतचा मुलूख एका राज्यात आला, हेही सांगतो. पण त्या काळी या मुलखातले घोडे, बैल आणि माणसं कुठलं पाणी पीत होती, ते आमच्या वह्यांत नाही. लढाईला एक दिवस लागतो. पाणी रोज लागतं, म्हणून ते कोणी लिहून ठेवत नाही.

महाशिवरात्रीला गावी गेलो. पुतण्याला म्हटलं, सही करतो, पण आधी एक काम कर. पंप लाव आणि विहीर उपसून काढ. त्याने संध्याकाळी पंप सोडला. रात्री नऊच्या सुमारास तळ दिसला : गाळ, फुटकी घागर, एक गंजलेलं घमेलं. पश्चिमेच्या अंगाला, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून, मनगटाएवढी धार येत होती. पश्चिमेला म्हणजे माळाकडून. त्याने बॅटरी तिच्यावर धरली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

सकाळी पाणी पायरीच्या त्याच खुणेपर्यंत आलं होतं जिथे ते आदल्या दिवशी होतं. "आण्णा, ही बुजवली असती तर हे पानी माझ्या पायातच आलं असतं की," तो म्हणाला. पाया म्हणजे घराचा पाया. मी त्याला जुन्या गोव्याची गोष्ट सांगितली. त्याने ऐकली, आणि गोष्टीतलं जे त्याच्या कामाचं होतं ते नेमकं उचललं : घराच्या आराखड्यात शोषखड्डा माळाच्या बाजूला, विहिरीच्या वर दाखवला होता.

आता घर वीस फूट सरकलं आहे. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, उताराकडे गेला. विहिरीवर लोखंडी जाळी बसली. पाणी सध्या बांधकामाला वापरतो. तपासून घेतल्याशिवाय प्यायचं नाही, असं ठरलं आहे. माळावर मात्र आमची एकट्याची जमीन नाही. तिथे आणखी चार जणांचे प्लॉट आहेत आणि त्यांचे खड्डे कुठे खणले जातील ते आमच्या हातात नाही. या दिवाळीत त्या चौघांना फराळाला बोलावलं आहे. फराळ झाला की त्यांना विहिरीत उतरवून ती धार दाखवायची, एवढाच बेत आहे.